पावसाच्या आवाजाखाली कुजबुजणारी वाक्यं : 'सबलिमिनल' म्हणजे नक्की काय, आणि ते कितपत चालतं

प्रश्न असा आहे. बारावीची एक मुलगी तीन आठवडे रोज रात्री हेडफोन लावून आठ तासांचा ऑडिओ ऐकत झोपते. वर पावसाचा आवाज आहे. खाली 'माझं लक्ष विचलित होत नाही', 'वाचलेलं सगळं मला आठवतं' अशी वाक्यं आहेत म्हणे. ती कानाला कळत नाहीत, पण अंतर्मन टिपतं, असा दावा आहे. वडील विचारतात : यात तथ्य आहे का? नुकसान काही होईल का? आणि नकळत माणसावर परिणाम करता येतो हे मुळात शास्त्रात आहे, की सगळाच बाजार?

शास्त्रात आहे. मात्र शास्त्रात जे आहे ते आणि हा ऑडिओ जे विकतो ते, यांचं फक्त नाव एक आहे.

लॅटिनमध्ये 'लिमेन' म्हणजे उंबरठा. एकोणिसाव्या शतकात हेरबार्ट या जर्मन विचारवंताने जाणिवेच्या उंबरठ्याची कल्पना मांडली. सबलिमिनल म्हणजे त्या उंबरठ्याच्या खालचं. घराचा उंबरठा लाकडाचा किंवा दगडाचा असतो, जागचा हलत नाही. हा हलतो. प्रयोगशाळेत त्याची व्याख्या साधी आहे : एखादा आवाज किंवा चित्र शंभर वेळा दिलं आणि पन्नास वेळा जाणवलं, तर ती पातळी म्हणजे उंबरठा. त्याच्या किंचित खालची पातळीसुद्धा शंभरात तीस-चाळीस वेळा जाणवतेच. माणूस ताजातवाना असला, सरावला किंवा त्या गोष्टीची वाट पाहत असला की उंबरठा आणखी खाली सरकतो. त्यामुळे 'ही वाक्यं उंबरठ्याखाली आहेत' असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा : कुणाच्या, आणि कधी मोजला?

दुसरी गोष्ट, उंबरठे दोन आहेत. 'मला काही दिसलं नाही' असं माणूस प्रामाणिकपणे सांगतो, पण 'तरीही अंदाज करा' म्हटलं की अंदाज बरेचदा बरोबर निघतो. हा वरचा उंबरठा. आणखी खाली गेलं की अंदाजही नाणेफेकीइतकाच उरतो. हा खालचा. विश्वासाने सांगता येतील असे बहुतेक परिणाम या दोघांच्या मधल्या पट्ट्यात मिळतात. खालच्या उंबरठ्याच्याही खाली गेलं, की सापडलेला परिणाम पुन्हा सापडेलच याची खात्री कमी होत जाते.

तिसरा एक प्रकार या नावाखाली घुसडला जातो, त्याचा उंबरठ्याशी संबंधच नाही. गोष्ट दिसते, ऐकू येते, फक्त आपलं तिच्याकडे लक्ष नसतं. दुकानातलं संगीत, ॲपमध्ये आधीच टिक केलेला चौकोन, क्रिकेटच्या मैदानाभोवतीच्या पाट्या. रोजच्या व्यवहारात खरं काम हा प्रकार करतो. त्याकडे शेवटी येऊ.

आधी एक गैरसमज. 'क्षणभरच दाखवलं म्हणून दिसलं नाही' असं लोक मानतात. कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवा. तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास चमकतो आणि आंधळा माणूस सोडला तर सगळ्यांना दिसतो. इतक्या कमी वेळात डोळा वेळ आणि प्रकाश यांचा गुणाकार करतो. वेळ अर्धा केला आणि प्रकाश दुप्पट केला तर साधारण तेवढंच दिसतं. म्हणजे नुसता वेळ कमी करून काही लपत नाही. लपवायचं असेल तर चित्राच्या लगेच नंतर, त्याच जागी, दुसरं काहीतरी दाखवावं लागतं. त्याला मास्क म्हणतात. पहिल्या चित्रावरची प्रक्रिया पूर्ण व्हायच्या आत दुसरं येऊन आदळतं आणि पहिलं जाणिवेपर्यंत पोहोचत नाही. मास्क काढून टाकला तर तेच चित्र तेवढ्याच वेळात स्वच्छ वाचता येतं. मास्क नसलेले 'सबलिमिनल फ्लॅश' व्हिडिओ म्हणूनच फसवे असतात. सेकंदाला तीस फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम तेहेतीस मिलिसेकंद टिकते. काळ्यावर पांढरा शब्द असेल तर तो बहुतेकांना दिसतो, निदान काहीतरी चमकून गेलं हे तरी कळतंच.

प्रत्यक्ष प्रयोग कसा मांडतात ते जवळून पाहू, कारण पुढचे सगळे दावे तपासायला हीच मोजपट्टी लागते. पडद्याच्या मध्यभागी अधिकचं चिन्ह, अर्धा सेकंद. मग मास्क, शंभर मिलिसेकंद. मग लपवायचा शब्द, ज्याला प्राइम म्हणतात, तेहेतीस किंवा पन्नास मिलिसेकंद. लगेच दुसरा मास्क किंवा थेट दिसणारा शब्द. त्या दिसणाऱ्या शब्दाबद्दल काहीतरी पटकन ठरवून बटण दाबायचं. बटण दाबायला लागलेला वेळ मोजायचा. बस.

साधा पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो, म्हणून एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. वेळ मिळतो तो याच पटीत : १७, ३३, ५०. 'आम्ही वीस मिलिसेकंद दाखवलं' असं कुणी साध्या लॅपटॉपवर म्हणत असेल तर त्याने पडदा तपासलेला नाही. १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा बदलणाऱ्या पडद्यावर फ्रेम सात मिलिसेकंदांच्या जवळ येते. सॉफ्टवेअर जे सांगतं ते पडदा करतोच असं नाही. एलसीडी पडद्याला काळ्यावरून पांढऱ्यावर आणि परत जायला वेळ लागतो, मागे भुतासारखी छाया रेंगाळते. म्हणून पडद्यावर प्रकाश मोजणारा सेन्सर चिकटवून प्रत्यक्ष वेळ तपासतात. हे न केलेल्या प्रयोगाचे आकडे वाचण्यात अर्थ नाही.

मराठी शब्द वापरायचे असतील तर आणखी दोन अडचणी येतात. इंग्रजी प्रयोगात प्राइम छोट्या लिपीत आणि दिसणारा शब्द मोठ्या लिपीत देतात, म्हणजे परिणाम आकारांच्या सारखेपणामुळे आला असं म्हणता येत नाही. देवनागरीत छोटी-मोठी लिपी नाही. इथे फॉन्ट आणि आकार बदलून काम चालवावं लागतं, आणि ते तेवढं पक्कं नसतं. दुसरं म्हणजे मास्क. इंग्रजीची '####' ही ओळ आपल्या शब्दावर ठेवली तर मधला भाग झाकला जातो, पण वरची वेलांटी, रफार आणि खालचे उकार बाहेर डोकावतात. 'बुद्धी' असा शब्द घेतला तर उकार आणि वेलांटी दोन्ही उघडे राहतात आणि सरावलेला वाचक तेवढ्यावरून शब्द ओळखतो. मास्क देवनागरीचेच तुकडे जोडून, शिरोरेषेच्या वर आणि अक्षरांच्या खाली पुरेसा पसरणारा करावा लागतो.

प्रयोग संपला की शेवटी, आणि हे बहुतेक हौशी लोक विसरतात, त्याच माणसाला तेच लपवलेले शब्द पुन्हा दाखवून अंदाज विचारायचा : 'हा होता की तो?' शंभर वेळा. निव्वळ नशिबाने पन्नासच्या आसपास बरोबर येतील. एकोणसाठ किंवा जास्त आले तर त्याला काहीतरी दिसत होतं असं धरायचं. इथे वीसच वेळा विचारून 'फरक दिसला नाही, म्हणजे सबलिमिनल होतं' असं जाहीर करणं ही या विषयातली सर्वात सामान्य लबाडी आहे. बहुतेकदा ती अजाणतेपणी होते. मोजपट्टी आखूड असली की काहीही उंबरठ्याखाली मावतं.

इतकं सगळं नीट केल्यावर काय मिळतं?

फ्रान्समध्ये स्टॅनिस्लास दुहेन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये केलेला प्रयोग नमुना म्हणून घ्या. समोर एक आकडा येतो, तो पाचापेक्षा मोठा की लहान ते सांगायचं. त्याच्या आधी त्रेचाळीस मिलिसेकंद दुसरा आकडा लपवून दाखवलेला. लपवलेला आणि दिसलेला दोन्ही पाचाच्या एकाच बाजूला असतील तर उत्तर लवकर येतं, विरुद्ध असतील तर उशिरा. मेंदूच्या नोंदीत दिसलं की न दिसलेल्या आकड्यानुसार हात हलायची तयारीसुद्धा सुरू झालेली असते. म्हणजे परिणाम खरा आहे, आणि तो अर्थापर्यंत पोहोचतो. पण फरक किती? वीस-पंचवीस मिलिसेकंद. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. आणि टिकतो किती? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रीनवाल्ड यांनी १९९६ मध्ये दाखवलं की लपवलेला शब्द आणि दिसणारा शब्द यांतलं अंतर साधारण शंभर मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की परिणाम विरून जातो. रात्री ऐकलेलं सकाळच्या पेपरला उपयोगी पडायचं तर मधला काळ काढा आणि तुलना करा.

लपवलेल्या गोष्टीतून एखादा शब्द जातो, फार तर त्याचा चांगला-वाईट रंग जातो. पूर्ण वाक्य जुळवून त्याचा अर्थ लावणं जाणिवेशिवाय होतं का, यावर वाद आहे, आणि माझं मत 'नाही'च्या बाजूला आहे. दोन नकारात्मक शब्द जोडून एक सकारात्मक अर्थ होत असेल, तर उंबरठ्याखाली तो जोड बहुधा लागत नाही, सुटे शब्दच लागतात. 'मी आळशी नाही' या वाक्याचा विचार करा. आपल्या भाषेत तर 'नाही' शेवटी येतं. काही पोहोचलंच, तर 'आळशी' पोहोचण्याची शक्यता जास्त.

मग लोकांच्या डोक्यात हे एवढं मोठं कसं झालं? त्याला १९५७ सालची एक पत्रकार परिषद कारण आहे. जेम्स व्हिकरी या अमेरिकन बाजार-सल्लागाराने सांगितलं की न्यू जर्सीतल्या फोर्ट ली गावच्या चित्रपटगृहात सिनेमा चालू असताना दर पाच सेकंदांनी, सेकंदाच्या तीन हजाराव्या भागापुरता, 'पॉपकॉर्न खा' आणि 'कोका-कोला प्या' असा संदेश पडद्यावर टाकला. सहा आठवडे, ४५,६९९ प्रेक्षक. पॉपकॉर्नचा खप ५७.७ टक्के आणि कोलाचा १८.१ टक्के वाढला म्हणे. दशांशासकट आकडे दिले की लोक गप्प बसतात. तपशील मात्र कधीच बाहेर आला नाही, आणि १९६२ मध्ये व्हिकरीने एका जाहिरात-साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत कबूल केलं की माहिती काही सिद्ध करण्याइतकी नव्हतीच. दरम्यान १९५८ मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात 'आत्ता फोन करा' हा संदेश ३५२ वेळा टाकून पाहिला. फोन वाढले नाहीत. संदेश आहे एवढंच प्रेक्षकांना सांगितलं होतं, कोणता ते नाही. अनेकांनी कळवलं की आपल्याला भूक किंवा तहान लागली. सिनेमागृहाची बातमी सगळ्यांनी वाचलेली होती ना.

ही गोष्ट खोटी निघाली म्हणून विषय संपत नाही. नेदरलँड्समध्ये कॅरेमन्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एका आइस-टीच्या ब्रँडचं नाव तेवीस मिलिसेकंद, नीट मास्क लावून, अनेकदा दाखवलं आणि नंतर पेय निवडायला सांगितलं. ज्यांना तहान लागलेली होती त्यांनी ते पेय जास्त निवडलं. ज्यांना तहान नव्हती त्यांच्यावर परिणाम नाही. दुसऱ्या फेरीत तहान निर्माण करण्यासाठी काहींना खारट गोळी दिली होती, आणि सबब अशी की गोळीवर कोरलेलं अक्षर जिभेने ओळखा. या प्रयोगातला बारकावा जाहिरातवाले सांगत नाहीत : तहान आधी हवी, पेय लगेच समोर हवं, ब्रँड तहान भागवणारा म्हणून डोक्यात आधीच असायला हवा. नंतरच्या कामात दिसलं की ज्यांना तेच पेय घ्यायची सवय आहे त्यांच्यावर फरक पडत नाही, कारण ते तेच घेणार असतात. म्हणजे लपवलेला संदेश नसलेली इच्छा निर्माण करत नाही. असलेल्या इच्छेला किंचित कल देतो, आणि तोही काही मिनिटांपुरता.

आता कानाकडे वळू, कारण मुलीचा प्रश्न ऑडिओचा आहे.

पावसाचा आवाज हा रुंद पट्ट्यातला, म्हणजे जाड-बारीक सगळे स्वर एकदम असलेला गोंगाट आहे. त्याच्यापेक्षा बोलणं पाच-सहा डेसिबलने हळू असेल तर वाक्यांतले साधारण अर्धे शब्द कळतात. पंधरा-वीस डेसिबलने हळू झालं की शब्द उरत नाहीत. डोळ्यांसाठी जशी मास्कची युक्ती आहे तशी इथे नाही. गोंगाट बोलण्याच्या आधी किंवा नंतर येत नाही, त्याच वेळी कानाच्या आतल्या पडद्यावर त्याच जागा व्यापून बसतो. शब्दाची खूण मेंदूपर्यंत जायच्या आत, कानातच पुसली जाते. मग अंतर्मनाने टिपायचं काय? जे पोहोचलंच नाही ते ना अंतर्मनाला मिळतं, ना बाहेरच्या मनाला.

त्यात फाईलचा प्रकार. एमपी३ आणि तत्सम पद्धतींनी फाईल लहान होते ती मुळात याच तत्त्वावर : मोठ्या आवाजाखाली दबलेला, माणसाला ऐकू न येणारा भाग शोधायचा आणि त्यावर जागा खर्च करायची नाही. पावसाखाली वीस डेसिबल दाबलेली कुजबुज या पद्धतीच्या नजरेत पहिला कचरा आहे. व्हिडिओ साइटवर चढवताना पुन्हा एकदा दाबली जाते. कित्येक ऑडिओत ती वाक्यं टाकणाऱ्याने खरोखर टाकलेली असतात, पण ऐकणाऱ्याच्या फाईलमध्ये त्यांचा ओळखण्याजोगा अवशेष राहिलेला नसतो.

'सायलेंट' नावाचा प्रकार आणखी मजेशीर. त्यात बोलणं उचलून चौदा-पंधरा हजार हर्ट्झच्या वर नेतात, म्हणजे फक्त बारीक शीळ किंवा काहीच ऐकू येत नाही. त्याचं अमेरिकन पेटंटही आहे, १९९२ चं. पेटंट मिळालं म्हणजे उपाय चालतो असं नाही, पेटंट कार्यालय ते तपासत नाही. १२८ केबीपीएसची एमपी३ बनवताना साधारण सोळा हजार हर्ट्झच्या वरचं सरळ कापून टाकलं जातं. स्वस्त इअरफोन त्या टोकाला काय वाजवतात याची खात्री नसते. आणि बापाच्या वयाच्या कानाला पंधरा हजारच्या वर बहुधा काहीच लागत नाही. दहापट वेगाने धावणाऱ्या वाक्यांचंही तेच. दुप्पट वेगाचं बोलणं आपण सहज समजतो, तिपटीच्या पुढे अडखळतो, त्यापलीकडे व्यंजनांच्या खुणाच नष्ट होतात.

तुमच्याकडे फाईल असेल तर तपासणं अवघड नाही. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, फाईल उघडा, ट्रॅकच्या नावाशेजारच्या यादीतून स्पेक्ट्रोग्राम निवडा. आडवा अक्ष वेळ, उभा अक्ष वारंवारिता. पाऊस एकसारखा धुक्यासारखा दिसतो. बोलणं असेल तर तीन-चार हजार हर्ट्झच्या खाली समांतर, लाटेसारख्या वाकणाऱ्या रेषा आणि शब्दांमधल्या फटी दिसतात. वर पंधरा हजारपाशी जाड पट्टा दिसला तर तो सायलेंट प्रकार. आणि सोळा हजारला जणू सुरीने कापल्यासारखी काळी रेघ दिसली, तर वरचं जे काही होतं ते गेलं. धुकं आणि फक्त धुकं दिसलं, तर मुलगी तीन आठवडे पाऊस ऐकते आहे.

झोपेबद्दल वेगळं सांगायला हवं. सायमन आणि एमन्स यांनी १९५६ मध्ये झोपलेल्यांना प्रश्नोत्तरं ऐकवली आणि सोबत मेंदूच्या लहरी नोंदवल्या. लहरींवरून माणूस जागा असल्याचं दिसत होतं, तेव्हाची उत्तरं आठवली. गाढ झोपेत ऐकवलेलं आठवलं नाही. नवा धडा झोपेत शिकता येत नाही. पण जागेपणी शिकलेल्याची आठवण झोपेत हलवून पक्की करता येते, थोडी. २००९ मधल्या एका प्रयोगात पन्नास चित्रांच्या जागा शिकवल्या, प्रत्येक चित्राला स्वतःचा आवाज, मांजराला म्याव अशा धाटणीचा. मग डुलकीत पंचवीस चित्रांचे आवाज हळूच वाजवले. उठल्यावर त्या पंचवीसांच्या जागा जास्त अचूक सांगता आल्या. फरक लहान होता, आणि शिकणं आधी झालेलं होतं. 'मला सगळं आठवतं' हे वाक्य त्यात बसत नाही. ते कोणत्याच धड्याची आठवण नाही.

एक अपवाद आहे आणि तो मला फार लक्षणीय वाटतो. जर्मनीत पाच रुग्णालयांत ३८५ रुग्णांवर प्रयोग झाला, २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्ण भूल दिलेल्या रुग्णांच्या कानात हेडफोनवरून शांत संगीतासह धीर देणारं बोलणं वाजवलं. निम्म्यांना हेडफोन होते, पण कोरे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या चोवीस तासांत बोलणं ऐकवलेल्यांना अफूवर्गीय वेदनाशामक सुमारे एक तृतीयांश कमी लागलं. इथे एक गोष्ट नीट पाहा : आवाज उंबरठ्याखाली नव्हता. तो स्पष्ट, नेहमीच्या पट्टीत होता. खाली होता तो माणूस, आणि भुलेतही काही जण थोडेफार ऐकत असतात. यातून घेण्यासारखं असेल तर ते शस्त्रक्रियागृहातल्या माणसांनी : भूल दिलेल्यासमोर जपून बोलावं.

मग 'मला तर फरक पडला' असं इतके लोक का सांगतात? याचं सर्वात स्वच्छ उत्तर ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांच्या १९९१ च्या प्रयोगात आहे. बाजारात मिळणाऱ्या दोन प्रकारच्या सबलिमिनल कॅसेट घेतल्या, स्मरणशक्तीच्या आणि आत्मविश्वासाच्या. निम्म्यांवर लेबलं अदलाबदल करून चिकटवली. ऐकणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही आत काय आहे ते माहीत नाही. महिन्याभराने मोजलं तर आतल्या मजकुराचा परिणाम शून्य. पण एक तृतीयांशाहून अधिक लोकांना लेबलवर लिहिलेल्या गोष्टीतच सुधारणा झाल्यासारखी वाटत होती. आत्मविश्वासाची कॅसेट ऐकून स्मरणशक्ती सुधारली, कारण डबीवर तसं छापलं होतं.

मुलीला 'हे खोटं आहे' म्हणून सांगितलं तर ती ऐकणार नाही, आणि ऐकूही नये. तिला हीच युक्ती घरी करू द्या. तिने स्वतःच्या आवाजात पाच वाक्यं रेकॉर्ड करावीत आणि पावसाच्या आवाजाखाली तिला हवी तेवढी दाबावीत. दोन फाईल करायच्या, एकीत वाक्यं आणि पाऊस, दुसरीत नुसता पाऊस, लांबी सारखी, आणि एमपी३ न करता वेव्ह म्हणून साठवायच्या. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी नाणं उडवून त्यांना 'क' आणि 'ख' नावं द्यावीत आणि चिठ्ठी लिहून पाकिटात बंद करावी. चार आठवडे, एक आठवडा एक फाईल, क्रम पुन्हा नाण्याने, दोन-दोन आठवडे होतील असा. रोज एकच गोष्ट मोजायची आणि ती सुरू करण्याआधी ठरवायची : उदाहरणार्थ, पंचेचाळीस मिनिटांत सोडवलेली भौतिकशास्त्राची गणितं. 'आज कसं वाटलं' हे मोजायचं नाही, तिथेच लेबल शिरतं. आठवड्याच्या शेवटी ही कोणती फाईल असेल याचा अंदाजही लिहायचा. चारही अंदाज बरोबर आले तर वाक्यं ऐकू येत होती असा संशय घ्यायचा.

यात हमखास बिघडतं ते असं. मधेच पूर्वपरीक्षा येते आणि एका आठवड्याचे आकडे घसरतात. धडा बदलतो आणि गणितं सोपी होतात, म्हणून सगळी गणितं आधीच एकत्र करून चिठ्ठ्यांनी वाटून घ्यावीत. सराव वाढत जातो म्हणून शेवटचा आठवडा नेहमीच चांगला दिसतो. आणि पाकीट तिसऱ्या दिवशीच कुणीतरी उघडतं. एका मुलीच्या चार आठवड्यांनी शास्त्र ठरत नाही, पण लेबलाची पकड सुटायला एवढं पुष्कळ आहे.

आता तो तिसरा प्रकार, जो दिसतो पण लक्षात येत नाही. इंग्लंडमधल्या एका सुपरमार्केटमध्ये १९९७ च्या प्रयोगात वाइनच्या मांडणीजवळ एक दिवस फ्रेंच आणि एक दिवस जर्मन संगीत आलटून पालटून लावलं. फ्रेंच संगीताच्या दिवशी फ्रेंच वाइन जर्मनच्या कितीतरी पट खपली, जर्मन संगीताच्या दिवशी पारडं फिरलं. संगीत सगळ्यांना ऐकू येत होतं. त्याने आपली निवड ठरवली, हे मात्र बहुतेकांनी नाकारलं. दारूच्या जाहिरातीला बंदी असताना त्याच नावाचा सोडा किंवा पाणी जाहिरातीत दिसतं ते याच भरवशावर : नाव पुन्हा पुन्हा डोळ्यांखालून गेलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं जरा बरं वाटतं. कायद्याला हा फरक उशिरा उमगला. युरोपच्या एआय कायद्यात जाणिवेपलीकडच्या तंत्रांनी माणसाचं वर्तन हानिकारक रीतीने वाकवण्याला बंदी आहे आणि ती २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे. आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ च्या 'डार्क पॅटर्न', म्हणजे ॲप-वेबसाइटवरच्या फसव्या रचनांबद्दलच्या मार्गदर्शक तत्त्वांत तेरा प्रकार नावानिशी दिले आहेत : खोटी घाई, टोपलीत गुपचूप टाकलेली वस्तू, नकार देणाऱ्याला लाजवणारं बटण. तिकीट काढताना आधीच टिक केलेला विम्याचा चौकोन उघड्यावर असतो, काहीही लपवलेलं नसतं. तरी तो एकटा, अशा हजार कुजबुजींपेक्षा जास्त पैसे काढतो.

अभ्यासासाठी नकळत काम करणारं काही हवंच असेल तर याच बाजूने जावं. 'मी जास्त अभ्यास करीन' असा संकल्प न करता 'रात्रीचं ताट उचलून ठेवलं की टेबलावर उघडी ठेवलेली वही घेऊन पहिलं गणित लिहायचं' असं खूण आणि कृती जोडून ठरवायचं. जर-तर पद्धतीच्या या ठरवण्यावर मानसशास्त्रात भरपूर काम झालेलं आहे. खूण दिसली की कृती पुढे सरकते, दर वेळी मनाशी भांडावं लागत नाही. खूण मात्र रोज हमखास घडणारी हवी. 'वेळ मिळाला की' ही खूण नाही. एका वेळी एकच जोडी धरायची. सहा एकदम ठरवल्या की एकही टिकत नाही. आणि फोन वेगळ्या खोलीत, पालथा घालून टेबलावर नाही.

नुकसानाचं विचारलंत. वाक्यांनी होणार नाही, ती पोहोचतच नाहीत. हेडफोनने होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला चाळीस तास, आणि मुलांसाठी ७५ डेसिबलला तेवढेच. रोज आठ तास म्हणजे आठवड्याला छप्पन्न. कुजबुज ऐकू यावी म्हणून आवाज वाढवायचा मोह होतो, तो धोक्याचा. रात्रभर कानात बसलेल्या बोळ्याने मळ आत ढकलला जातो, कान ओलसर राहून खाजतो. झोप मोडत असेल तर ते स्मरणशक्तीचं खरं नुकसान आहे, कारण दिवसा वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. पावसाच्या आवाजाने तिला झोप चांगली लागत असेल तर हेडफोन काढून, खोलीतल्या स्पीकरवर, हळू आवाजात, तीस मिनिटांचा टायमर लावून खुशाल ऐकू द्या. वाक्यं नसलेला पाऊस घ्या. तो फुकट मिळतो.